सर्व्हर गेला, एसी राहिला

चाकणच्या एका कारखान्याने क्लाउडवर जायचं ठरवलं. का, ते कुणालाच नीट सांगता येईना. एमडींचे साडू भोसरीत कारखाना चालवतात आणि ते दिवाळीआधीच गेले होते, एवढं कारण पुरलं.

सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर सात ‘आर’ दाखवले: रीहोस्ट, रीफॅक्टर, रिटायर वगैरे. कुठली सिस्टीम जशीच्या तशी उचलायची, कुठली नव्याने लिहायची, कुठली मोडीत काढायची, ते आधी ठरवा म्हणाले. ठरवायचं म्हटलं की डोकं लागतं, शिवाय खातेप्रमुखांची भांडणं. म्हणून पहिला ‘आर’ एकमताने मंजूर: आहे ते आहे तसं उचला. त्यामुळे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हेच घ्या’ या एक्सेल फायली, बंद पडलेल्या गिऱ्हाइकांची कोटेशनं आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन, सगळा गोतावळा सुखरूप पोचला.

मग बिल आलं. चाचणीसाठी घेतलेले सर्व्हर रात्री, रविवारी आणि गणपतीच्या सुट्टीतही इमानेइतबारे चालू होते. बंद करायचं काम कुणाचं, हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, “डेटा परत आणला तर?” आत टाकणं फुकट, बाहेर काढायला जीबीमागे पैसे, असं उत्तर आलं. गाशाच गुंडाळणाऱ्यांना 2024 पासून बड्या कंपन्यांनी ही फी माफ केली आहे. नांदणाऱ्यांना नाही. ड्रॉपबॉक्सने अ‍ॅमेझॉनकडचा बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रांवर आणून दोन वर्षांत साधारण साडेसात कोटी डॉलर वाचवले, हेही स्लाइडवर नव्हतं. अर्थात ड्रॉपबॉक्सला साडू नसावेत.

बॅकअपचा विषय निघाला. मुंबईतल्या डेटाची एक प्रत हैदराबादला ठेवा, असं सल्लागार म्हणाले. “हैदराबादला आपलं एकही गिऱ्हाईक नाही,” एमडींनी निकाल दिला. प्रत मुंबईतच, त्याच खात्यात राहिली. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं काय झालं, ते सिस्टीमवाल्या पोराने भीत भीत सांगितलं. गूगलकडे सेवा सुरू करताना एका अंतर्गत टूलमध्ये एक रकाना कोरा राहिला, म्हणून आपोआप वर्षाची मुदत पडली. ती भरताच फंडाचा प्रायव्हेट क्लाउडच पुसला गेला. सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर स्वतःचं खातं दिसेना. फंड सावरला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीचाही हात होता. “म्हणजे दोन ठिकाणी भाडं?” एमडींना त्या फंडाची मनापासून कीव आली.

सगळ्यात चिवट निघालं पगाराचं पॅकेज. ते फॉक्सप्रोमध्ये लिहिणारे गृहस्थ सध्या सांगलीकडे द्राक्षबाग बघतात. संगणकामागे डोंगल खोचल्याशिवाय ते सुरूच होत नाही. डोंगलला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, वर खंडेनवमीचं हळदकुंकू. हे क्लाउडमध्ये नेमकं कुठे खोचायचं, यावर दोन बैठका झाल्या, समोसे संपले. अखेर जुना सर्व्हर जागेवर राहिला. त्याच्यासाठी एसी, एसीसाठी जनरेटर आणि या सगळ्याकडे बघायला तोच पोरगा. वर क्लाउडचं बिल दरमहा सुरू.

दोन्हीकडे पैसे भरण्याच्या या अवस्थेला ‘हायब्रिड धोरण’ म्हणतात, असं सल्लागारांनी सांगितल्यापासून एमडी खुशीत आहेत. पुढच्या महिन्यात गोव्यात त्यावर परिसंवाद आहे. बीजभाषण त्यांचंच. साडूंनाही पास पाठवलाय.