बेल एकदाच वाजवा

मला ऑटिझम आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आई म्हणाली, "त्यात काय, तुझा मामा असाच आहे." तेव्हापासून मामा आमच्याशी जपून बोलतो.

ऑफिसात सांगितलं, तर एचआरच्या मॅडमनी उत्साहानं विचारलं, "मग तुमची सुपरपॉवर काय?" हा सगळा सिनेमांनी घातलेला घोळ. १९८८ साली 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमननं सांडलेल्या टूथपिक्स एका नजरेत मोजल्या, आणि आमच्यावर मोजदादीची सक्ती आली. दुसरा एकजण म्हणाला, "मी 'तारे जमीं पर' पाहिलाय, सगळं समजतं मला." त्यातल्या मुलाला डिसलेक्सिया असतो. मी तसं लगेच सांगितलं. संभाषण तिथंच संपलं.

त्यातच एकदा बँकेच्या रीकन्सिलिएशनमध्ये ६३० रुपयांचा फरक येऊ लागला. मी म्हटलं, कुठंतरी आकडे उलटे पडलेत. सापडलेच: २,८१० च्या जागी २,१८०. लगेच कुजबुज, "बघा, ऑटिझम!" अहो, फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला की आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे कुठल्याही जुन्या हेडक्लार्कला माहीत असतं. मलाही एका पान खाणाऱ्या हेडक्लार्कनंच शिकवलं. त्यांना कोणी सुपरपॉवर म्हटलं नाही. बढतीही दिली नाही.

माझी अडचण आकड्यांशी नाही, माणसांशी आहे. साहेब म्हणतात, "हे जरा बघून घ्या." मी बघतो आणि ठेवून देतो, तर चिडतात. 'सवडीनं द्या' म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी, आणि 'फार अर्जंट आहे' म्हणजे सोमवारपर्यंत ते स्वतःच विसरणार, हे बाकीच्यांना कोण शिकवतं कोण जाणे. एक सहकारी म्हणाले, "या एकदा घरी जेवायला." मी डायरी काढून तारीख विचारली. तेव्हापासून ते जिना बदलून जातात.

आणि हे पुण्यात! ज्या गावच्या पाट्यांना सगळा महाराष्ट्र हसतो, त्या गावात. मला पुणेरी पाटी मनापासून आवडते. बेल किती वेळा वाजवायची, चपला कुठं काढायच्या, कोणत्या वेळेत यायचं नाही, सगळं लेखी. ओळीमागचा अर्थ शोधायचं काम नाही. आमच्यासारख्यांसाठी इतकी सोयीची व्यवस्था जगात दुसरी नसेल. ऑफिसं अशी चालवली, तर अर्ध्या मीटिंगा वाचतील.

माझ्या मागण्याही पाटीवर मावतील एवढ्याच होत्या. काम लेखी सांगा, खुर्ची भिंतीशी हलवा आणि डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूब बदला. तिचा चोक दिवसभर गुरगुरतो. इतरांना ऐकू येत नाही, मला दुसरं काही ऐकू येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, त्यात ऑटिझम आहे. समान संधी धोरण जाहीर करायला खासगी कंपन्यांनाही सांगितलंय. आमच्या कंपनीनं ते थाटात जाहीर केलं. जाहीर करण्यात आम्ही कधी कमी पडलेलो नाही.

मग २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन आला. आमच्या अकाउंट्सची माणसं वर्षअखेरीच्या कामानं अर्धमेली झालेली. हॉलमध्ये निळे दिवे, फुगे, आणि छाती हादरेल असं म्युझिक. सगळं माझ्या सन्मानार्थ. कानात बोटं घालून उभा होतो, तेवढ्यात माईक पुढं आला, "दोन शब्द बोला." मी दोनच बोललो, "ट्यूब बदला." प्रचंड टाळ्या. माझी विनोदबुद्धी किती छान आहे, असं मॅडम फोटो काढताना म्हणाल्या.

ट्यूब अखेर इलेक्ट्रिशियननं बदलली. मी चिठ्ठीवर टेबल नंबर लिहून दिला, त्यानं शिडी आणली. समावेशनाची एवढी समज मला वरच्या मजल्यावर अजून दिसलेली नाही. खुर्चीचा अर्ज समितीपुढं आहे.

वाचकांत कोणी ॲडमिनवाले असतील, तर कृपा करा. खुर्ची हलवायला समिती लागत नाही, दोन माणसं लागतात. आणि मला 'कधीतरी चहाला या' म्हणायचं असेल, तर वार आणि वेळ सांगा. मी नक्की येईन.