काव्यपुरुषाचे वऱ्हाडी

लग्नाच्या मांडवात सगळे सफारी नि जाकिटं घालून मिरवत असतात, तेव्हा एकच माणूस काळ्या टीशर्टात येतो. छातीवर पिवळ्या अक्षरांत वाशिमचं जुनं नाव: ‘वत्सगुल्म’. वाशिममध्ये दर आळीला असा एक वारसाभाऊ निघतोच. आहेराचं पाकीट खिशातच ठेवून तो आधी वरबापाला गाठतो. “माहीत हाय का भाऊ, साक्षात काव्यपुरुषाचं लग्न लागलं होतं आपल्या गावात!” वरबाप केटररला शोधत असतो.

गोष्ट खोटी नाही. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हजारेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्मात झाला. तोही गांधर्व, म्हणजे मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत, डीजे तर नाहीच. “पण वऱ्हाडी तर आपणच ना!” असं म्हणून वारसाभाऊ पाठ फिरवतो. पाठीवर छापलेलं असतं: ‘काव्यपुरुषाचे वऱ्हाडी’. ही कोटी मला सुचली नाही, याचं दुःख अजून जात नाही.

पहिल्या खेपेला छापणाऱ्याने ‘वत्सगुल्फ’ केलं होतं. गुल्फ म्हणजे घोटा. ते दुरुस्त झालं, तर गल्लीतल्या वैद्यांनी टीशर्ट वाचून काळजीने विचारलं, “गोळा पोटात किती दिवसांपासून हाय?” आयुर्वेदात गुल्म म्हणजे तोच.

मग पोस्टर निघालं. वाकाटक राजा हरिषेण: मुकुट, छाती, तलवार. तो दिसायला कसा होता कोणाला ठाऊक. पोस्टरवरचा मात्र हुबेहूब छापणाऱ्याच्या मेहुण्यासारखा दिसतो. खाली ओळ: ‘अजिंठा आपलंच’. मी म्हटलं, “अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही.” वारसाभाऊने माझ्याकडे करुणेने पाहिलं. “सोळाव्या लेण्यातला शिलालेख कोणाचा? वराहदेवाचा. वराहदेव प्रधान कोणाचा? हरिषेणाचा. राजधानी कोणती? मंग?” तिथे तिकीट काढताना त्याला घरच्याच दारावर पैसे मोजल्यासारखं वाटलं म्हणे.

पुढे कारंजेकरांनी नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान काहून नाही म्हणून विचारलं. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आले, पोहरादेवी आली, भवानी काळूंनी बांधलेलं बालाजी मंदिर तर होतंच. पोस्टरवर बोट ठेवायला जागा राहिली नाही. तेवढ्यात एका अकोलेकराने ‘आमचं पण काही टाका’ म्हटलं. त्याला १ जुलै १९९८ ही तारीख सुनावण्यात आली. त्या दिवशी जिल्हा वेगळा झाला.

कापडाबद्दल मात्र वारसाभाऊ बोलत नाही. हरिषेणानंतर वाकाटकांचं राज्य फार टिकलं नाही. टीशर्टावरचा रंग त्याहून कमी टिकतो. तिसऱ्या धुण्यात ‘वत्स’ गेला, उरलेल्या ‘गुल्मा’ने वहिनी गॅसचा ओटा पुसतात.

तरी मीही एक घेतला. एक्स्ट्रा लार्ज संपले होते म्हणून मीडियम. पोट आत ओढलं की पूर्ण वाचता येतो.