सोबतीला सोबत

काकांनी आजवर एकही जनावर हौसेनं आणलेलं नाही. हे त्यांचंच म्हणणं, आणि त्यांच्या हिशेबात ते खरंही आहे. प्रत्येक जनावर आधीच्या जनावराच्या सोयीसाठी आलं. अशी माणसं गावोगाव असतात. आमच्या वाट्याचं घिवलीत राहतं.

बोईसरच्या एमआयडीसीतून निवृत्त झाले त्या पावसाळ्यात वाडीत गोगलगायी माजल्या. मीठ टाकून भागलं असतं. पण बदकं गोगलगायी खातात असं कुणीतरी बोलून गेलं आणि काकांनी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. परतताना खोक्यात सहा पिल्लं. डहाणू लोकलच्या लगेजच्या डब्यात, रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मच्छीवाल्या मावश्यांनी बोईसर येईपर्यंत त्या पिल्लांची नावं ठेवून टाकली होती. महिन्या-दोन महिन्यांत गोगलगायी संपल्या. मग बदकांनी काकूंची मेथी संपवली.

बदकं खाकी कॅम्पबेल. ही जात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तयार केली. नीट सांभाळली तर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी. काका या बाईंचा उल्लेख नात्यातल्या असाव्यात तसा करतात. "आमच्या कॅम्पबेलबाईंनी अंड्यांकडे लक्ष दिलं, बसण्याकडे काही दिलं नाही." म्हणजे ही बदकं अंडी टाकून मोकळी होतात, उबवायचं नाव घेत नाहीत. तेव्हा उबवायला गावठी कोंबड्या आणणं आलं.

कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली बदकाची अंडी सरकवायची. कोंबडीचा हिशेब एकवीस दिवसांचा, बदकाचं अंडं अठ्ठावीस घेतं. वरचा आठवडाभर काका खुराड्यापाशी स्टूल टाकून बसले, तिचा धीर सुटू नये म्हणून. (काकूंच्या तिन्ही बाळंतपणांत ते सेकंड शिफ्टला होते. ही माहिती काकूंची, मी फक्त कंसात टाकतोय.) पिल्लं निघाली आणि दोन दिवसांत थेट डबक्यात उतरली. कोंबडी काठावर आकांत करतेय आणि काका लुंगी सावरत तिला समजावताहेत, "अगं, त्यांच्यात चालतं!"

मग मुंगसानं दोन पिल्लं नेली, म्हणून राखणीला हंस आले. हंस परक्या माणसाला ओळखतो आणि चावतो, हे शंभर टक्के खरं निघालं. फक्त मुंगूस त्यांना परकं वाटलं नाही, वीजबिल वाटणारा वाटला. हल्ली तो बिल कुंपणावरून भिरकावतो, ते डबक्यात पडतं आणि काका दर महिन्याला दंड भरतात. हा खर्च ते 'राखण' या सदरात लिहितात. पुढे हंसांसाठी आणलेली कोबीची पानं उरू लागली. वाया जाऊ नयेत म्हणून ससे.

काकांना मी खुळा म्हणणार नाही, कारण त्यांना बदकाविषयी जेवढं ठाऊक आहे तेवढं मला माझ्या रक्तदाबाविषयी नाही. बदकाला कोरडं पीठ घशात अडकतं, खाणं भिजवूनच द्यावं लागतं. पोहायला तळं नसलं तरी चालतं, पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं पाणी हवंच. बुरशी धरलेला मका पिल्लांच्या जिवावर उठतो. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बुरशी कशाला धरत नाही? म्हणून मका माजघरात कोरड्या जागी, आणि काकूंचे गहू पडवीत.

कोंडा आणि कणीत काका सुकी मासळी कुटून घालतात. ती जास्त झाली की अंड्यांना वास येतो. पुण्याहून आलेल्या भाचीनं ऑम्लेट बाजूला सारलं. घिवलीत मात्र कुणाची तक्रार नाही. शेजारच्या आजी म्हणतात, पावसात बोटी बंद असल्या की तेवढाच आधार.

२००६ साली नंदुरबारकडच्या नवापुरात बर्ड फ्लू आला होता, २०२१ मध्ये पुन्हा तिथेच. आमच्याजवळही एक नवापूर आहे. त्यामुळे २०२१ मध्ये टीव्हीवर बातमी लागताच मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू झाले. काका प्रत्येकाला महाराष्ट्राचा नकाशा तोंडी समजावून सांगत होते आणि बदकं मात्र पलंगाखाली होती. "नकाशा मला कळतो," ते म्हणाले, "सरकारी माणसाला कळेल याची काय खात्री?"

अणुकेंद्र शेजारी, त्यामुळे आपत्कालीन सरावाची माहिती द्यायला एकदा साहेब आले. घरातच थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या, सांगू तेव्हा आयोडीनची गोळी घ्या. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका? काकांचा हात वर. "बदकाला अख्खी द्यायची की अर्धी?" लोक हसले. काका हसले नाहीत, वहीत 'उत्तर मिळाले नाही' असं लिहून घेतलं.

एका रविवारी बोईसरहून एक गृहस्थ बदक विकत घ्यायला आले. काकांनी विचारलं, घरात माणसं किती, पाणी किती वेळ असतं, दिवेलागणीला दार कोण लावणार? गृहस्थ म्हणाले, "दार कशाला? दुपारीच संपेल." काकांना अर्थ लागायला वेळ लागला. लागल्यावर त्यांनी आत वळून चहा सांगितला. तासाभरानं ते गृहस्थ अर्धा डझन अंडी आणि पिशवीत एक ससा घेऊन रिक्षात बसले.

एकटा ससा झुरतो असं काकांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून पुढच्या रविवारी पहिल्याला घेऊन ते दुसरा न्यायला हजर. दोन नर असतील तर रक्त निघेपर्यंत भांडतात. काकांनी चष्मा कपाळावर चढवून दोघांना शेपटीखाली निरखलं आणि दोन्ही माद्याच असल्याचा निर्वाळा दिला.

सशाचे दिवस भरतात एकतिसाव्याला. महिना उलटतो न उलटतो तोच फोन आला.

"काका, सात झालेत!"

"वा! मग आता खुराडं पक्कं बांधा," काका म्हणाले. "आणि मुंगसाचं काय करणार आहात? माझ्याकडे हंसांची एक जोडी आहे."