उजव्या ऑल्टची वतनदारी

स्पेसबारच्या उजव्या अंगाला एक ऑल्ट असतो. बहुतेकांचा अंगठा जन्मात त्याच्या वाटेला जात नाही. डावा बिचारा राबतो आणि हा नुसता पगार खातो. कोरियात मात्र नेमकी त्याच जागी ‘हान-योंग’ नावाची कळ असते. दाबली की कोरियन, पुन्हा दाबली की इंग्रजी. तिच्या जोडीला ‘हान्जा’, चिनी अक्षरं काढून देणारी. या कळा नसलेल्या साध्या कीबोर्डावर विंडोज उजव्या ऑल्टलाच हान-योंगची वतनदारी देऊन टाकतं.

ती कळ दाबायची राहिली की गंमत होते. नमस्काराचं ‘आन्न्योंग’ लिहायला जावं तर पडद्यावर ‘डीकेएसएसयूडी’. कित्येक कोरियन माणसं यातूनच पासवर्ड बनवतात. वाचणाऱ्याला गिचमीड, बोटांना मात्र तोंडपाठ!

कोरियन मांडणीत व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या. आपल्या देवनागरीच्या इनस्क्रिप्ट मांडणीच्या बरोब्बर उलट. मराठी बोटं काही दिवस सासर-माहेर करत राहतात. त्यात अक्षरं चौकटीत जुळतात. ‘नामु’ म्हणजे झाड. न, आ, म दाबले की आधी ‘नाम्’ अशी एकच चौकट उमटते. पुढे ‘उ’ दाबताच तळाचा म् टुणकन उठतो आणि शेजारच्या नव्या चौकटीत जाऊन बसतो. या उड्यांना तिकडे चक्क भुताचा दिवा म्हणतात.

ही भुताटकी न मानवणारेही आहेत. गोंग ब्योंग-ऊ हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९४९ साली टाइपरायटर घडवला, त्यात सुरुवातीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन यांना वेगवेगळ्या कळा दिल्या. उडी मारायचा प्रश्नच नाही. १९८२ साली संगणकासाठी सरकारी मानक झालं ते मात्र व्यंजनं आणि स्वर अशा दोनच संचांचं, उड्यांसकट. तरीही डॉक्टरांची ‘सेबोलशिक’ मांडणी विंडोजच्या सेटिंगमध्ये अजून निवडता येते. हरलेल्या पक्षाला यादीत जागा ठेवणं मला फार सभ्यपणाचं वाटतं.

लिनक्सवर कोरियन लिहायला आयबस-हंगुल घेतलं तर भाषा बदलायला शिफ्ट-स्पेस आधीच नेमलेलं असतं. दिसायला सोयीचं, पण इंग्रजी मोठ्या अक्षरांत मथळा लिहिताना शिफ्टवरचं बोट जरा रेंगाळलं की पुढचा शब्द कोरियन. मॅकवाले या कामाला कॅप्सलॉक जुंपतात. हा मला खरा न्याय वाटतो, कारण आरडाओरडा करण्यापलीकडे कॅप्सलॉकने आजवर काय केलंय?

मी लिनक्सवर उजवा ऑल्ट हंगुलला, म्हणजे कोरियन लिपीला, बहाल केला. काम झकास झालं. फक्त दुधाचा हिशेब लिहिताना रुपयाचं चिन्ह उमटेना. भारतीय मांडणीत ते उजवा ऑल्ट आणि ४ यांच्या जोडीने येतं. म्हणजे आयतोबा समजलेला हा गडी इतके दिवस गुपचूप तिजोरी सांभाळत होता. सेटिंग धुंडाळल्यावर कळलं की ते काम मेन्यू कळेकडे देता येतं. मेन्यू कळेला कुणीतरी काम दिल्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

घरच्यांना हा फेरबदल मंजूर नाही. संगणकावरच्या त्यांच्या खात्यात त्यांनी जुनी मांडणी तशीच ठेवली आहे, आणि दूध, पेपर, वीजबिल यांचा हिशेब हल्ली तिथूनच चालतो. माझ्याकडे कोरियन तेवढं राहिलं.