इरकलीचा काठ आणि म्हैस

लेकीसाठी म्हणून मोबाइल बघते, असं मी घरात सांगून ठेवलंय. खरं तर लेक कधीच झोपलेली असते आणि रात्री साडेअकराला मी एकटीच रिबीन फिरवणाऱ्या पोरी बघत बसते. ठाण्याच्या संयुक्ता काळेनं २०२२ साली पंचकुल्याच्या खेलो इंडियात रिदमिक जिम्नॅस्टिक्सची पाच सुवर्णपदकं मिळवली, हे लेकीच्या पाढ्यांपेक्षा मला पक्कं पाठ आहे.

लेकीचं प्रेम सरळ. रिबीन सळसळते आणि कुणी ‘गप बस’ म्हणत नाही, एवढ्यावर ती खूश. माझं जरा आडवळणाचं. चमचमत्या पोशाखावर माझा डोळा, घट्ट अंबाड्यावर डोळा. पोरीनं आरशापुढं पाच मिनिटं जास्त काढली की आमच्या लासुर्ण्यात ‘नखरे’ म्हणतात; तिकडं तेवढ्याच नखऱ्यांसकट १९८४पासून ऑलिंपिकचं पदक मिळतं!

पुण्यातल्या एका क्लासला फोन लावला. बाईंनी विचारलं, “वय?”

“चौतीस.”

पलीकडं शांतता.

“म्हणजे सहा,” मी म्हणाले.

आठवड्यातनं तीनदा यावं लागेल म्हणे. बारामतीला एसटी बदलून तीनदा पुणे! म्हटलं, मीच शिकवते. पात्रता काय, तर दहावीपर्यंत पंचमीच्या फुगडीत मला कुणी दमवलं नव्हतं.

रिबीन ६ मीटरची लागते. माझी साडी मोजली तर साडेपाच. नऊवारी घरात एकच, आत्याबाईंची इरकली. पेटीत घडी करून ठेवलेली, बाहेर निघायची ती पालखीलाच. तिचा एका बाजूचा काठ मी उसवला. काठी तुराटीची. मैदान १३ मीटर लांब-रुंद हवं. आमचं अंगण त्याच्या निम्मं, आणि त्यातल्या निम्म्यात म्हैस.

“बघ, मनगट असं,” मी लेकीला म्हटलं. पहिलं वेटोळं झकास पडलं. दुसरं म्हशीच्या शिंगात. रिबिनीला गाठ बसली तर गुण कापतात, काठी हातातनं सुटली तरी कापतात, एवढं मला माहीत. म्हणून सोडली नाही. म्हशीनं दावं तोडलं. शेजारी बेलवाडीला दरवर्षी तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं. त्या दिवशी ते आमच्या दारात झालं. अश्वाच्या जागी म्हैस, मागं मी, माझ्यामागं टाळ्या पिटत लेक. उसाची ट्रॉली घेऊन निघालेल्यानं ट्रॅक्टर थांबवला, गाणं बंद केलं आणि शेवटपर्यंत बघितलं.

पाय मुरगळला. संध्याकाळी आत्याबाई हळदीचा लेप घेऊन आल्या. लावता लावता त्यांची नजर कोपऱ्यातल्या तुराटीवर गेली. काठ ओळखला. मी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून उघडले. आत्याबाईंनी पदर खोचला होता, तुराटी हातात, आणि मनगट फिरत होतं. वेटोळी माझ्यापेक्षा बारीक पडत होती.

“म्हस आधी मागं बांधायची असती,” त्या म्हणाल्या.