उलट्या आट्यांचे नट

पंक्चरच्या दुकानातला मुलगा चपळ होता. मी गाडीतून उतरून मागे जाईपर्यंत त्याने हवेची गन डाव्या मागच्या चाकाला लावली होती. पाचपैकी तीन नटांवर त्याचा जोर लावून झाला होता आणि तो चौथ्याशी झटत होता. ते तीन सुटले नव्हते, आवळले गेले होते. मी "थांब" म्हणेपर्यंत कट्‌कन आवाज आला आणि नटासकट तुटलेला स्टड त्याच्या चपलेपाशी पडला. "गंजलाय साहेब," तो म्हणाला.

गंजलेला नव्हता. माझी गाडी 1992 ची महिंद्रा एमएम 540 आहे आणि तिच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत. जुन्या विलीज जीपपासून चालत आलेली ही रीत. डावीकडचं चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये, यासाठी ती होती. हा नट सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. ओळख पटावी म्हणून स्टडच्या तोंडावर 'एल' हे अक्षर उठवलेलं असतं. माझ्या गाडीच्या स्टडवर ते आहे, पण त्यावर काळ्या रंगाचे दोन हात बसले होते. रंग मागच्या मालकाने दिलेला. त्या मुलाला मी काय बोलणार? खूण झाकली ती दुसऱ्याच कुणीतरी.

माझी तक्रार या असल्या बारीकसारीक गोष्टींबद्दल आहे. जुनी फोर बाय फोर ठेवणाऱ्याला लोक मोठ्या गोष्टी विचारतात. इंजिन काढलं का, ॲव्हरेज किती, पार्ट मिळतात का. इंजिनाने मला सहा वर्षांत एकदाही रस्त्यात थांबवलेलं नाही. प्यूजोच्या परवान्यावर इथे बनलेलं ते एक्सडीपी 4.90 डिझेल, 2112 सीसीचं. थंडीत हीटर प्लग नीट तापू दिले, डिझेल फिल्टर वेळेवर बदलला, ऑइल स्वच्छ ठेवलं की ते दुसरं काही मागत नाही. जीव खातं ते माझ्या आधी या गाडीला हात लावलेल्यांनी घाईत उरकलेलं काम.

पान्यांचंच घ्या. या गाडीचं मूळ अमेरिकेतलं आणि इंजिन फ्रान्सचं. त्यामुळे एक्सल आणि चाकांकडचे बरेच नट-बोल्ट इंचाचे आणि इंजिनाचे मिलिमीटरचे. 9/16 इंच म्हणजे 14.29 मिलिमीटर. त्यावर 14 चा पाना बसत नाही, 15 चा बसतो पण घसरतो. अर्धा इंच म्हणजे 12.7, त्यावर 13 चा जातो आणि हलक्या हाताने काम होतंही, पण जोर लावला की कोपरे गोल होतात. पाऊण इंच आणि 19 मात्र जवळपास सारखेच, आणि या एका योगायोगामुळे सगळ्यांना वाटतं की बाकीचेही जमून जातील. इंची पान्यांचा संच बाजारात मिळतो, महागही नाही. तरी माझ्या गाडीच्या खाली झोपलं की कोपरे गेलेले बोल्ट दिसतात. काहींवर छिन्नी मारल्याच्या खुणा आहेत. दोन ठिकाणी बोल्टच्या डोक्यावर दुसरा नट वेल्ड करून काम भागवलंय. कमानीच्या यू बोल्टला एका बाजूला इंची नट आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटरचा नट ठोकून बसवलेला होता. तो आवळल्यासारखा वाटतो, पण धरतो दोन-तीन आट्यांवरच. त्या यू बोल्टवर अख्खा एक्सल लटकलेला असतो आणि गाडीत माझी मुलं बसतात.

मग तेलाची गळती. "जीप हाय ओ, गळायचीच." हे वाक्य मी कोल्हापुरापासून आजऱ्यापर्यंत किमान चार गॅरेजांत ऐकलंय. एका मिस्त्रींनी तर हे फार मायेने सांगितलं, खांद्यावर हात ठेवून. मला हे वाक्य सहन होत नाही. कुठलंही यंत्र स्वभावाने गळत नाही, गळण्याला कारण असतं. माझ्या मागच्या डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाला दोन वर्षांत तीन ऑइल सील बदलली. प्रत्येक नवं सील महिनाभर टिकायचं, मग फरशीवर पुन्हा रुपयाएवढा डाग. चौथं सील टाकण्याआधी मी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः खाली गेलो आणि एक्सलच्या नळीवरचा ब्रीदर शोधला. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू. गाडी चालली की डिफरन्शियलचं तेल तापतं, आतली हवा फुगते, ती या ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर बंद असेल तर हवा दुसरी वाट शोधते आणि ती वाट म्हणजे सीलची ओठासारखी कड. माझा ब्रीदर आधी चिखलाने आणि मग त्यावर मारलेल्या चासी ब्लॅकने बुजला होता. डिझेलमध्ये बुडवून, तारेने टोकरून तो मोकळा केला. फ्लॅंजच्या ज्या गोलाईवर सील टेकतं तिथे जुन्या सीलने केसाएवढी चर पाडली होती, म्हणून नवं सील जरा अलीकडे बसवून घेतलं, म्हणजे कड ताज्या पत्र्यासारख्या गुळगुळीत जागेवर येते. त्याला तीन पावसाळे झाले. फरशी कोरडी आहे. तीन सिलांचे पैसे गेले त्याचं दुःख कमी. तीन वेळा एकाही माणसाला "का?" असं विचारावंसं वाटलं नाही, याचं जास्त.

टायरबद्दल मला रागच आहे, तो लपवत नाही. या गाडीला 6.00-16 चे अरुंद टायर येत. चिखलात ते कापत खाली जातात आणि कडक जमिनीला भिडतात, म्हणून शेताच्या वाटेवर ते बरे. मागच्या मालकाने त्याजागी 31 इंची रुंद टायर चढवले होते, कारण ते रुबाबदार दिसतात. दिसतात, मान्य. पण मूळ टायरची उंची साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास. स्पीडोमीटरला चाक किती मोठं आहे हे कळत नाही, त्याला फक्त शाफ्टचे फेरे कळतात. काटा 60 वर असताना गाडी 65 ने पळत असते. हे निदान समजून घेता येतं. पण जड चाकाचा भार पुढच्या किंगपिनच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंग बॉक्सवर येतो आणि एके दिवशी खड्ड्यातून बाहेर पडताना पुढची चाकं थरथरायला लागतात. स्टिअरिंग हातात राहत नाही, गाडी थांबवल्याशिवाय ती थरथर थांबत नाही. माझ्याबरोबर हे आंबोली घाटात घडलं, उताराला, समोरून एसटी येत असताना. टायर मूळ मापाचे घेतले, किंगपिनचे शिम आणि बेअरिंग बदलले, टाय रॉडचे बॉल जॉइंट नवे टाकले. थरथर गेली. रुबाब कमी झाला असं शेजारच्या पोरांचं म्हणणं आहे.

वायरिंग एका वाक्यात सांगतो: सगळ्या वायरी लाल होत्या. हेडलाइट, हॉर्न, वायपर, फॉग लॅम्प, सगळं एकाच रंगाच्या वायरीने ओढलेलं आणि काळ्या टेपने गुंडाळलेलं. दिवे मिणमिणते होते म्हणून मागच्या मालकाने जास्त वॅटचे बल्ब टाकले, त्यामुळे बटण वितळलं. खरं दुखणं अर्थिंगचं होतं. बॉडीला रंग देताना अर्थच्या पट्टीखालीही रंग गेला होता. नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, दोन रिले बसवले, मूळ बल्ब पुन्हा लावले. आता रस्ता दिसतो.

चासी नंबरची गोष्ट सांगितली पाहिजे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, मग दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1 एप्रिल 2022 ला मोटारीला त्याची फी 600 वरून 5000 रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पैशांबद्दल मी इथे बोलत नाही, जुनी गाडी ठेवायची तर भरायचे. तपासणीच्या वेळी चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. माझ्या गाडीचा नंबर जिथे असायला हवा तिथे गुळगुळीत काळा पत्रा. अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, नंबर दाखवा, मग या. मी दोन संध्याकाळी पट्टीने आणि पॉलिश पेपरने ती जागा खरवडली. चार थर निघाले: काळा, हिरवा, लांबी, पुन्हा काळा. पेंटरने खड्डे भरायची लांबी त्या आकड्यांतही भरली होती, गुळगुळीत दिसावं म्हणून. शेवटचा आकडा दिसला तेव्हा मला घरातलं हरवलेलं माणूस भेटल्यासारखं झालं, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. तो नंबर मिळाला नसता तर चालू, धडधाकट गाडी कागदावर मेली असती.

मधला तो हिरवा थरही अंगाशी आला असता. लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला देता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 121 क्रमांकाच्या नियमाने तो सैन्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. जीप घेतली की पहिला तोच रंग मारायचा ही हौस मात्र गावोगाव दिसते. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. मला तो निर्णय पटतो. पुढून लोखंडी गार्ड, मागून वाढवलेला हौद, मधे कापलेली चासी अशी वाहनं घाटात माझ्यापुढे चालत असतात आणि त्यांच्या वेल्डिंगवर माझाही जीव अवलंबून असतो.

सल्ले देणाऱ्यांना एक सांगायचंय. पावसात "फोर बाय फोर टाकूनच ठेवा" असं म्हणू नका. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर निघत नाही, ताण शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकते. मग लोक लिव्हरवर पाय देतात. दोन-चार फूट रिव्हर्स घेतली की ती बोटाने निघते. माझ्या गाडीची लिव्हर मिळाली तेव्हाच वाकलेली होती, म्हणजे कुणीतरी पाय दिलेला आहे.

मी या गाडीत जे बदल केले ते एका दोनशे पानी वहीत लिहिलेत. कुठला रिले कुठे, कुठली वायर कुठल्या रंगाची, कुठला बोल्ट इंचाचा, सील किती अलीकडे बसवलं, कधी, किती किलोमीटरला. काढलेले मूळ भाग डब्यात, डब्यावर चिठ्ठी. याला वेळ लागतो, कंटाळाही येतो. पण ही गाडी माझ्या आधी तीन जणांकडे होती आणि माझ्यानंतरही कुणाकडे तरी जाईल. तोही रात्री बॅटरी दातात धरून तिच्या खाली झोपेल.

तुमच्याकडे असं जुनं वाहन असेल तर एवढं करा. एक वही ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा आरसीबुकाबरोबर ती द्या. तीस रुपयांची वही पुरते. डाव्या चाकांचे नट उलटे असतील तर ते पहिल्या पानावर लिहा.