सेकंड शिफ्टकडून राजपुत्राच्या मालकांस

मा. ईव्ह गिलेमो साहेब,
यूबीसॉफ्ट, फ्रान्स यांस

स. न. वि. वि.

साहेब, आपली-आमची ओळख नाही. आम्ही भोसरी-मोशी-चाकण पट्ट्यातली माणसं. कुणी सीएनसीवर, कुणी प्रेस शॉपला, कुणी क्वालिटीत. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसने घरी यायचं, ताटात झाकून ठेवलेलं गार जेवण उरकायचं आणि कंप्युटरपुढे बसायचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वर आमचा जीव आहे. म्हणूनच 21 जानेवारी 2026 रोजी आपण सहा गेम एका झटक्यात रद्द केलेत आणि त्यात ‘सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतारही गेला, हे कळलं तेव्हा आधी आपलं अभिनंदन करावंसं वाटलं. हा गेम बाजारात यायची पहिली तारीख होती 21 जानेवारी 2021. बरोबर पाच वर्षांनी, त्याच दिवशी निकाल! तारखेला एवढा पक्का माणूस आमच्या पट्ट्यात शोधून सापडायचा नाही.

या गेमचं आम्हाला जरा जास्तच कौतुक होतं, त्याला कारण आहे. सप्टेंबर 2020 मध्ये आपण घोषणा केलीत तेव्हा काम पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओकडे होतं. पुण्याचा स्टुडिओ आपण 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून घेतलात. तिथल्या पोरांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गेमना हातभार लावला. एवढ्या मोठ्या नावाची अख्खी गाडी बांधायला मिळाली ती तेव्हा. नट-बोल्ट पुरवणाऱ्या शेडला एकदम पूर्ण इंजिनाची ऑर्डर मिळावी, तसं आम्हाला वाटलं. आमचा काही संबंध नसताना आम्ही पेढे खाल्ले.

मग ट्रेलर आला. राजपुत्राचा चेहरा बघून जगभरचे लोक हसले. तारीख मार्च 2021 वर गेली, पुढे तारीखच गेली. मे 2022 मध्ये आपण काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला नेलंत, 2003 चा मूळ गेम जिथे बनला त्या स्टुडिओकडे. यात आम्हाला नवल वाटलं नाही. सॅम्पल नापास झालं की डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे न्यायची, हे आम्ही रोज बघतो. पहिल्या व्हेंडरला सगळे टोमणे मारतात, तेही बघतो. पुण्याच्या पोरांनी ते ऐकून घेतले.

पण पुढचं कोडं आम्हाला सुटत नाही. मूळ गेम बनवणारे हात, आपला लाडका स्टुडिओ, हाताशी साडेतीन वर्षांहून जास्त काळ. आणि शेवटी शेरा काय? हवा तो दर्जा गाठायला आणखी वेळ आणि पैसा लागेल. साहेब, आमच्याकडे एकच पीस दोन व्हेंडरांकडून रिजेक्ट होऊन आला, की क्वालिटीतलं नुकतं डिप्लोमा होऊन लागलेलं पोरगंसुद्धा व्हेंडरला शिव्या देणं थांबवतं आणि ड्रॉइंग मागतं. ड्रॉइंग कस्टमरचं असतं. आपल्याकडे ते मागायची पद्धत आहे का?

एका गोष्टीत मात्र आपण मूळ कथेशी इमान राखलंत. त्या कथेत राजपुत्र खंजिराच्या जोरावर काळ मागे फिरवतो आणि शेवटी सगळं असं पुसलं जातं की जणू काही घडलंच नाही. आठवत असतं ते त्याला एकट्याला. आपला नवा अवतार बाकी कुठे जमला नसेल, शेवट मात्र हुबेहूब वठलाय.

आता कामाचं बोलू. हा अर्धवट माल आम्हाला द्या.

हसू नका. बंद पडलेलं उचलायची आमच्या पट्ट्याला सवय आहे. तळेगावात जनरल मोटर्सने 2020 च्या अखेरीस गाड्या बनवणं थांबवलं. कामगार नुकसानभरपाईसाठी भांडत राहिले, पण कारखान्याला मात्र ह्युंदाई भेटली. तिकडे ऑस्ट्रियात 2024 च्या नोव्हेंबरात केटीएम दिवाळखोरीत गेली. तिच्या लहान मोटारसायकली चाकणला बनतात. 2025 मध्ये आमच्या आकुर्डीच्या बजाजने 80 कोटी युरोंची सोय करून तिला उभं केलं. युरोपातली बुडती कंपनी पिंपरी-चिंचवडच्या पैशाने तरते, मग एका राजपुत्राचं काय एवढं ओझं?

पैसे आमच्याकडे नाहीत, हा फरक आम्हाला कळतो. आमच्यात थ्रीडी येणारा एकच जण आहे, बाकी सगळे सूचना देणारे. या कामासाठी ग्रुप उघडल्यावर पहिल्या रात्री लोगो ठरला, दुसऱ्या रात्री ॲडमिन कोण यावरून भांडण झालं. म्हणजे संस्था म्हणून आम्ही तयार आहोत.

आपण म्हणाल, इंजिन आमचं, नाव आमचं, बाहेर कसं देणार? ठेवा ना नाव. पण कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या कोडचं काय होतं, ते या राजपुत्राच्या जन्मदात्यालाच विचारा. जॉर्डन मेकनरच्या 1989 च्या पहिल्या गेमचा सोर्स कोड वर्षानुवर्षं गायब होता. 2012 मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात फ्लॉपींचं खोकं सापडलं, जाणकारांनी त्यातून कोड काढला आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला. वडील अमेरिकेतले म्हणून वाचलं. आमच्या घरी आईने त्या खोक्यावर केव्हाच किलोच्या भावाने लसूण आणला असता.

आपला पिंड वेगळा. ‘द क्रू’ हा विकून झालेला गेम आपण 2024 मध्ये सर्व्हर बंद करून लोकांच्या हातून काढून घेतलात. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. विकलेला माल परत नेणारा न विकलेला फुकट देईल, एवढे भोळे आम्ही नाही. टेन्सेंटने 116 कोटी युरो मोजले ते ‘असॅसिन्स क्रीड’, ‘फार क्राय’ आणि ‘रेनबो सिक्स’ यांच्या घरासाठी. राजपुत्र त्या घरात नाही. नावडतीचं लेकरू द्यायला एवढी खळखळ कशाला?

म्हणून आमचं कोटेशन. ‘जसे आहे जिथे आहे’ तत्त्वावर माल उचलू. हसं झालेला तो चेहराही चालेल. इथे हजेरी लावताना आमचे चेहरे काही वेगळे नसतात. भाव भंगाराचा. 2025 च्या फेब्रुवारीत पालिकेने कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडल्यापासून चालू भाव कुणाला विचारायचा हा घोळ आहे, पण आपसात मिटवू. जीएसटी वेगळा, टेम्पो आमचा. चाकणच्या तळेगाव चौकात अडकला तर उशिराबद्दल दंड लावू नये. पाच वर्षं आपल्यालाही कुणी लावला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सेकंड शिफ्ट

ता. क. मालासोबत ड्रॉइंगही पाठवा. फाटलेलं असलं तरी चालेल.